आधी काय तपासायचं ते ठरवा, मग ऑनलाइन परीक्षा निवडा

राज्यातल्या पदवी महाविद्यालयांत नवीन शैक्षणिक धोरण लागू झाल्यापासून इंटर्नलच्या मार्कांना वजन आलं आहे. कुठे ६०:४०, कुठे ७०:३०. म्हणजे शंभरातले तीस-चाळीस मार्क आता सत्रभर कॉलेजातच ठरतात. ते कसे ठरवायचे, हे बऱ्याच ठिकाणी शिकवणाऱ्यावर सोडलेलं असतं. मग कोणी गूगल फॉर्मवर वीस प्रश्न टाकतं, कोणी पीडीएफमध्ये असाइनमेंट मागवतं, कोणी ऑनलाइन प्रेझेंटेशन घेतं. मुलं सगळं वेळेत सबमिट करतात, त्यातलं बरंचसं चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेलं असतं, आणि मार्क लागतात तेव्हा अख्खा वर्ग दोन-तीन मार्कांच्या फरकात बसलेला दिसतो. घरचे विचारतात, यातून मुलीला विषय किती आला ते कळलं का?

प्रश्न रास्त आहे. ‘ऑनलाइन परीक्षा बंद करा’ हे मात्र त्याचं उत्तर नव्हे. बहुपर्यायी चाचणी, उघड्या पुस्तकाची परीक्षा, प्रकल्प, तोंडी परीक्षा यांतली प्रत्येक पद्धत एखादी गोष्ट नीट तपासते आणि बाकीच्या गोष्टींपुढे आंधळी असते. निवड चुकली की मार्क मिळतात, पण त्या मार्कांवरून विद्यार्थ्याबद्दल काहीच कळत नाही. म्हणून निवड कशी करायची, ते या लेखात पाहू.

## २०२० मध्ये काय घडलं

ऑनलाइन परीक्षांबद्दलचं आपलं मत एकाच अनुभवावर बेतलेलं आहे, आणि तो अनुभव आणीबाणीचा होता. कोरोनाच्या पहिल्या लाटेत अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्यायच्या की नाहीत, यावर सरकारं, विद्यापीठ अनुदान आयोग आणि विद्यार्थी संघटना न्यायालयापर्यंत गेल्या. २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही. राज्यांना फार तर मुदत वाढवून मागता येईल. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या हातात जेमतेम काही आठवडे उरले. घरबसल्या देता येईल आणि संगणकाला तपासता येईल, असा एकच प्रकार तेवढ्या वेळात उभा राहू शकत होता, तो म्हणजे एमसीक्यू, बहुपर्यायी प्रश्न. तासाभराचा, पन्नास मार्कांच्या आसपासचा पेपर बऱ्याच विद्यापीठांनी घेतला.

दिल्ली विद्यापीठाने त्याच ऑगस्टमध्ये वेगळी वाट धरली. प्रश्नपत्रिका डाउनलोड करायची, पुस्तकं समोर ठेवून कागदावर उत्तरं लिहायची, स्कॅन करून अपलोड करायची. तिथे प्रश्न वेगळ्या धाटणीचे हवे होते. अनेक पेपर मात्र नेहमीचेच निघाले, आणि पुस्तक समोर असताना ‘टीप लिहा’ या प्रश्नाला काही अर्थ उरत नाही.

त्या दोन वर्षांत भरघोस निकाल लागले आणि ऑनलाइन म्हणजे फुकटचे मार्क, हा समज पक्का झाला. तेव्हा घाई होती, पर्याय नव्हता. आज तशी घाई नाही, तरी तेव्हाचेच गूगल फॉर्म चालू आहेत, याचं मला वाईट वाटतं.

## मूल्यमापन दोन कारणांसाठी होतं

शिक्षणशास्त्रात दोन शब्द आहेत. विद्यार्थी अजून शिकतो आहे, तो कुठे अडतो ते त्याला आणि शिक्षकाला कळावं म्हणून केलेलं ते आकारिक मूल्यमापन. शिकणं संपल्यावर किती आलं याचा निवाडा करून मार्क देणारं ते संकलित मूल्यमापन. चुलीवरची आमटी चाखून मीठ-आंबट सारखं करणं हे पहिलं. पानात वाढल्यावर जेवणाऱ्याने दिलेला अभिप्राय हे दुसरं. पानात वाढून झाल्यावर कळलेली चूक त्या जेवणापुरती तरी सुधारता येत नाही.

आपल्याकडे इंटर्नल हे कागदावर पहिल्या प्रकारचं आणि व्यवहारात दुसऱ्या प्रकारचं असतं. सत्राच्या शेवटच्या पंधरवड्यात तीन असाइनमेंट, एक टेस्ट, मार्क भरले, विषय संपला. कुठे चुकलं ते विद्यार्थ्याला कळतच नाही.

ऑनलाइन साधनांची खरी ताकद नेमकी इथे आहे. छोटी चाचणी, लगेच उत्तर, चूक का झाली त्याच्या दोन ओळी आणि पुन्हा एक संधी. हे सत्तर मुलांच्या वर्गात कागदावर दर आठवड्याला करणं कोणत्याही प्राध्यापकाला शक्य नाही. संगणक ते न कंटाळता करतो.

अशा चाचण्यांचा आणखी एक फायदा प्रयोगांत दिसला आहे. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने तपासलं तेव्हा चित्र उलटलं. आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात ५६ टक्के राहिलं होतं, पुन्हा वाचणाऱ्यांच्या ४२. म्हणजे चाचणी ही मोजपट्टी आहेच, शिवाय आठवणं हाच अभ्यास आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री नोट्स चारदा वाचणाऱ्या आपल्या मुलांना हे कोणीतरी सांगायला हवं.

## क्रियापद बघा

पद्धत निवडण्याचा सगळ्यात भरवशाचा मार्ग ऑस्ट्रेलियात काम केलेले शिक्षणतज्ज्ञ जॉन बिग्ज यांनी १९९६ मध्ये मांडला. अभ्यासक्रमात जे उद्दिष्ट लिहिलंय, वर्गात जे करून घेतलं आणि परीक्षेत जे विचारलं, ते तिन्ही एका रेषेत असावं. ऐकायला साधं आहे. आता आपल्या सिलॅबसचं पहिलं पान उघडून उद्दिष्टांतली क्रियापदं वाचा. ‘विश्लेषण करता येईल’, ‘तुलना करता येईल’, ‘उपाय सुचवता येईल’. आणि मग परीक्षा बघा: व्याख्या, टीपा, कारणं लिहा.

क्रियापद ‘ओळखणे’ किंवा ‘आठवणे’ असेल, तर एमसीक्यू पुरते. ‘गणित सोडवणे’ असेल, तर प्रत्येकाला वेगळे आकडे देणारा संख्यात्मक प्रश्न हवा; कोर्स आणि चाचण्या ऑनलाइन चालवणाऱ्या मूडलसारख्या प्रणालीत सूत्र एकच ठेवून आकडे बदलता येतात. ‘युक्तिवाद करणे’ असेल, तर लेखन लागेलच. ‘बोलणे, समजावणे’ असेल, तर व्हिडिओ किंवा तोंडी. प्रयोगशाळेतलं टायट्रेशन हाताने येतं की नाही, हे मात्र कुठलाही ऑनलाइन फॉर्म सांगू शकत नाही, आणि तिथे प्रयत्नही करू नये.

## एमसीक्यू इतकं वाईट असतं का?

एमसीक्यूवरचा मोठा आक्षेप अंदाजपंचे उत्तरांचा आहे, आणि तो हिशेबाने खरा ठरतो. पन्नास प्रश्न, प्रत्येकी चार पर्याय, चुकीला शिक्षा नाही. ज्याला फक्त दहा उत्तरं येतात तो उरलेल्या चाळीसवर डोळे मिटून टिक करतो. चारात एक या हिशेबाने त्याची सरासरी दहा बरोबर येतात. एकूण वीस, म्हणजे ४० टक्के, म्हणजे पास. विषय आलाय २० टक्के.

यावर उपाय आहेत. चुकीच्या उत्तराला एकतृतीयांश मार्क वजा केला, तर अंदाजाचा सरासरी फायदा शून्य होतो. पण रोजच्या सरावासाठी घेतलेल्या चाचणीत मार्क वजा करू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे मुलांनी न घाबरता चुकायला हवं. त्याऐवजी प्रश्न सुधारावा.

एक उदाहरण घेऊ. संख्याशास्त्राचा प्रश्न आहे. पाच कामगारांची रोजची मजुरी रुपयांत अशी: ६००, ४००, ५१००, ४००, ५००. मध्यक किती? पर्याय: ५१००, १४००, ४००, ५००.

बरोबर उत्तर ५००, कारण आकडे चढत्या क्रमाने लावले की मधला तो येतो. गंमत इतर तिघांत आहे. ज्याने क्रम न लावताच मधला आकडा उचलला, तो ५१०० निवडेल. ज्याने मध्यक आणि सरासरी एकच मानली, तो बेरीज ७००० करून पाचाने भागेल आणि १४०० वर जाईल. ज्याला बहुलक, म्हणजे सगळ्यात जास्त वेळा आलेला आकडा आठवला, तो ४०० म्हणेल. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक ठरावीक गैरसमज बसवलेला आहे. वर्गातल्या सत्तरपैकी तीस जणांनी ५१०० निवडलं, तर उद्याचा तास कुठून सुरू करायचा ते शिक्षकाला आज रात्रीच कळतं. ‘वरीलपैकी सर्व’ आणि ‘यापैकी नाही’ भरून केलेले प्रश्न हे काम कधीच करणार नाहीत.

उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरण्याचा प्रश्न उरतो. त्याला प्रश्नपेढी कामी येते. शंभर प्रश्नांच्या पेढीतून प्रत्येकाला वीस निवडून दिले, तर कोणत्याही दोघांत सरासरी चारच प्रश्न समान निघतात. एका माणसाने शंभर चांगले प्रश्न काढणं अवघड आहे, पण एकाच विषयाच्या पाच कॉलेजांतल्या प्राध्यापकांनी वीस-वीस काढले तर एका सुट्टीत पेढी तयार होते.

## पुस्तक उघडं ठेवलं तर काय विचारायचं?

उघड्या पुस्तकाची परीक्षा सोपी असते, असं मुलांना वाटतं आणि पहिल्याच पेपरला ती फसतात. उत्तर पुस्तकात सापडत नाही, पुस्तकातलं वापरून ते तयार करावं लागतं. निदान तसं असायला हवं.

अर्थशास्त्राचा नेहमीचा प्रश्न असतो, ‘किंमत निश्चितीवर परिणाम करणारे घटक लिहा.’ पुस्तक उघडं ठेवल्यावर तो नक्कल करण्याचा प्रश्न होतो. त्याऐवजी असं विचारता येईल: ‘तुमच्या जवळच्या बाजार समितीतला कांद्याचा घाऊक भाव आणि तुमच्या गल्लीतल्या भाजीवाल्याचा भाव सलग तीन दिवस नोंदवा. फरक किती पडला? त्यातला कोणता भाग पुस्तकातल्या मागणी-पुरवठ्याने समजतो आणि कोणता समजत नाही? भाजीवाल्याशी बोलून लिहा.’ लासलगावजवळची मुलगी आणि डोंबिवलीतला मुलगा यांची उत्तरं एकसारखी येऊच शकत नाहीत. दोघांना तेच प्रकरण वाचावं लागतं, आणि ते वापरावंही लागतं.

## ‘पण मुलं चॅटजीपीटीतून उतरवून आणतात!’

३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी सगळ्यांसाठी खुलं झालं आणि घरी लिहून आणायच्या निबंधाची परीक्षा म्हणून असलेली किंमत तिथेच संपली. हे मान्य करूनच पुढे जावं लागेल. वरचा कांद्याचा प्रश्नसुद्धा ते लिहून देईल, बनावट भावासकट.

पहिली सुचणारी गोष्ट म्हणजे यंत्राने लिहिलेलं पकडणारं सॉफ्टवेअर. त्यावर विद्यार्थ्याचं भवितव्य ठरवू नये. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच जानेवारी २०२३ मध्ये असं साधन काढलं होतं. त्यांच्याच चाचणीत ते यंत्राच्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के ओळखत होतं, आणि माणसाने लिहिलेल्यापैकी ९ टक्के मजकूर यंत्राचा ठरवत होतं. त्या जुलैत कंपनीने ते बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी असली सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांना दिले, तर सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरले. इंग्रजी मातृभाषा असलेल्या अमेरिकन शाळकरी मुलांचे निबंध मात्र जवळपास सगळे बरोबर ओळखले गेले. मराठी माध्यमातून आलेल्या, मोजक्या शब्दांत सरळ इंग्रजी लिहिणाऱ्या मुलीवर अशा यंत्राने कॉपीचा ठपका ठेवला, तर तिने काय पुरावा द्यायचा?

त्यापेक्षा निबंधाबरोबर तो तयार होण्याचा प्रवास मागावा. आधी आराखडा, मग कच्चा खर्डा, मग शेवटचं लेखन, आणि प्रत्येक टप्प्याला थोडे मार्क. गूगल डॉक्समध्ये लिहिलं तर व्हर्जन हिस्ट्रीत मजकूर कसा वाढत गेला ते दिसतं. आणि शेवटी तीन-चार मिनिटांची तोंडी, कारण तिच्यावर माझा सगळ्यात जास्त विश्वास आहे. ‘दुसऱ्या दिवशी भाव का पडला असं तुला वाटतं?’ ‘भाजीवाला वाहतुकीबद्दल काय म्हणाला?’ ज्याने काम केलंय तो आनंदाने सांगतो, बहुधा लिहिल्यापेक्षा जास्तच. ज्याने केलं नाही तो पहिल्या मिनिटात अडखळतो. लाजाळू मुलांचं काय, असं कोणी विचारेल. त्यांना प्रश्नांचा प्रकार आधी सांगावा, मातृभाषेत बोलू द्यावं आणि बोलण्याच्या सफाईला मार्क ठेवू नयेत.

## ‘मग कॅमेरा लावा की!’

दूरून पहारा ठेवणाऱ्या व्यवस्थेला प्रॉक्टरिंग म्हणतात. कॅमेरा चालू, आवाज चालू, नजर हलली की नोंद. अमेरिकेत क्लीव्हलंड स्टेट विद्यापीठाने एका विद्यार्थ्याला परीक्षेआधी कॅमेरा फिरवून आपली खोली दाखवायला सांगितलं. तो न्यायालयात गेला, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये निकाल लागला, की सरकारी विद्यापीठाने अशी खोली पाहणं ही घटनाबाह्य झडती आहे.

आपल्याकडचा प्रश्न त्याहून साधा आहे. एका खोलीच्या घरात, मागे लहान भाऊ रडतोय, आई स्वयंपाक करतेय, अशा ठिकाणी पेपर देणाऱ्या मुलीच्या स्क्रीनवर दर पाच मिनिटांनी इशारा येतो. पैसेवाल्या घरातला मुलगा दार बंद करून कॅमेऱ्याच्या पलीकडे दुसरा फोन ठेवतो आणि त्याला काही होत नाही. पहारा नेमका चुकीच्या माणसावर बसतो.

निवाड्याची परीक्षा असेल, तर मुलांना एका ठिकाणी बोलवावं. संगणक वापरायचा तर तिथे वापरावा. मुंबईच्या आयआयटीत याच विचाराने ‘सेफ’ नावाचं अ‍ॅप तयार झालं. मुलं वर्गातच बसतात, स्वतःच्या फोनवर पेपर देतात, तेवढा वेळ फोनवर दुसरं काही उघडू दिलं जात नाही, आणि पर्यवेक्षक समोर असतो.

देशातलं सगळ्यात मोठं उदाहरण एनपीटीईएलचं आहे. आयआयटींचे हे ऑनलाइन कोर्स आपल्याकडची हजारो मुलं करतात. तिथे दर आठवड्याची असाइनमेंट घरून ऑनलाइन, तिचं वजन फक्त २५ टक्के, आणि तेही सगळ्यात चांगल्या काहींचंच धरतात. उरलेले ७५ टक्के केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचे. सराव घरी, निवाडा डोळ्यांसमोर. ही वाटणी मला योग्य वाटते.

## ‘आमच्या मुलांकडे रेंज नसते’

२०२० मध्ये रेंजसाठी टेकडीवर जाऊन बसलेली मुलं आपण सगळ्यांनी पाहिली. ती अडचण कमी झाली असली तरी संपलेली नाही. एकाच घरात एक फोन, तोही वडील कामावर घेऊन जातात, ही परिस्थिती आजही आहे.

म्हणून सकाळी ११ ते ११.३० अशी चाचणी ठेवू नये. ती शुक्रवारी संध्याकाळी उघडावी आणि रविवारी रात्री बंद करावी; एकदा सुरू केली की वीस मिनिटं. व्हिडिओऐवजी ऑडिओ स्वीकारावा, पीडीएफ हलकी ठेवावी, आणि कॉलेजची संगणक लॅब त्या दोन दिवसांत उघडी राहील असं बघावं. दिव्यांग विद्यार्थ्यांना तासाला किमान वीस मिनिटं जास्त देण्याचा केंद्राचा नियम लेखनिक घेऊन दिलेल्या कागदी परीक्षेत पाळला जातो, पण ऑनलाइन चाचणी लावताना अनेकदा विसरला जातो. मूडलमध्ये एखाद्याच विद्यार्थ्याची वेळ वाढवता येते, ते दोन मिनिटांचं काम आहे.

## ‘एवढं तपासायला वेळ कुठून आणायचा?’

हा प्राध्यापकांचा आक्षेप आहे आणि मला तो सगळ्यात वजनदार वाटतो. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला तासाचे पैसे मिळतात; असाइनमेंट तपासायचे कोणी देत नाही. त्यामुळे हिशेब मांडूनच बोलायला हवं.

वर्गात ७२ मुलं आहेत. प्रत्येकाची दहा मिनिटं तोंडी घ्यायची, तर बारा तास लागतात. ते होणार नाही. चार मिनिटांची घेतली, तर पाच तासांच्या आत संपते आणि ट्युटोरियलच्या तासांत तीन आठवड्यांवर पसरवता येते. साप्ताहिक चाचण्या संगणक तपासतो. लेखनासाठी गुणांकन तक्ता, म्हणजे कशाला किती मार्क ते आधीच सांगणारी चौकट, बनवला की एका उत्तराला चार-पाच मिनिटं पुरतात. खर्डे मुलांनी एकमेकांचे तपासावेत. त्या अभिप्रायाला मार्क नकोत, पण दुसऱ्याचा खर्डा वाचताना स्वतःच्या चुका दिसायला लागतात.

समजा इंटर्नल चाळीस मार्कांचं आहे. सत्रात आठ साप्ताहिक चाचण्या, त्यातल्या चांगल्या सहा धरून १० मार्क. उघड्या पुस्तकाचा एक प्रश्न १० मार्कांना. बाजार समितीसारखं एक छोटं काम तोंडीसकट १५. वर्गात हाताने लिहिलेलं एक पान ५. चार वेगळ्या प्रकारांनी पाहिल्यावर निव्वळ पाठांतर, निव्वळ वाक्चातुर्य किंवा निव्वळ चॅटजीपीटी यांपैकी कशावरच कोणी चाळीस काढू शकत नाही. आणि ज्या मुलाला पेपर लिहिताना घाम फुटतो, त्यालाही कुठेतरी आपलं येतं ते दाखवायची जागा मिळते.

सुरुवातीलाच हे सगळं मुलांच्या हाती द्यावं: वेळापत्रक, गुणांकन तक्ता, आणि प्रत्येक प्रकारचा एक नमुना प्रश्न, जो मार्काशिवाय एकदा सोडवून घेतलेला असेल. लॉगिन होतंय का, अपलोड जातंय का, हे त्या दिवशी कळायला हवं. विद्यार्थ्यांनी आणि पालकांनीही इंटर्नलचा आकडा कळल्यावर तिथेच थांबू नये. उत्तर परत मागावं, चूक कुठे झाली ते विचारावं, आणि पुढच्या चाचणीच्या आधी ते मिळावं असा आग्रह धरावा.